पाणी : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलमध्ये टाकी तळाला जाऊ लागली की आणि जूनमध्ये पहिलं गढूळ पाणी आलं की, असे वर्षातून दोनदा मला पाण्याच्या प्रश्नांचे निरोप यायला लागतात. माजिवड्यातल्या आमच्या सोसायटीची मी सहा वर्षं सेक्रेटरी होते. पद सुटलं, प्रश्न काही सुटले नाहीत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट एकाच ठिकाणी सांगितली आहे, बाकी ठिकाणी फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पहिले तीन प्रश्न मात्र गाळू नका. 'ठाण्याचं पाणी' असं एकच पाणी नसतं, आणि पुढची बरीच उत्तरं तुमच्या नळाला कुणाचं पाणी येतं यावर ठरतात.

१. ठाण्याला स्वतःचं धरण आहे का? आपलं पाणी नक्की येतं कुठून?

धरण नाही. महापालिका १९८२ साली झाली, तलावांचं शहर म्हणून आपण मिरवतो, पण मालकीचं धरण आजही नाही. पाणी चार ठिकाणांहून येतं. महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवर पिसे इथे पाणी उचलते आणि टेमघरला ते शुद्ध होतं. तिथून दिवसाला सुमारे २५० दशलक्ष लिटर. स्टेम कंपनी उल्हास नदीतून शहाडला पाणी उचलते, तिचे सुमारे ११५. एमआयडीसीचे सुमारे १३५, आणि मुंबई महापालिकेकडून सुमारे ८५. बेरीज ५८५ च्या आसपास. शहर घोडबंदरच्या बाजूने ज्या वेगाने वाढतंय त्याला हे पुरत नाही. किती पुरत नाही, ते एप्रिलमध्ये तिथल्या कुठल्याही संकुलाच्या गेटवर उभं राहून टँकर मोजले की कळतं.

भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. मुंबईचं जवळपास अर्धं पाणी तिथून येतं, आपलंही मोठं पाणी तिथलंच. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. आपल्याकडे शॉवर दहा मिनिटं चालतो तेव्हा हे आठवलं तर बरं.

२. नवी मुंबईला मोरबे धरण आहे, मग तिकडे पाण्याची चिंताच नाही, हे खरं का?

अर्धं खरं. नवी मुंबई महापालिकेने मोरबे धरण विकत घेतलं, तो निर्णय दूरदृष्टीचा होता. धरण रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर आहे. साठवण १९० दशलक्ष घनमीटरच्या थोडी वर, आणि पाण्याची पातळी ८८ मीटरला गेली की ते भरलं असं म्हणतात. पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं, त्या केंद्राची क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटर.

पण 'नवी मुंबई' म्हणताना लोक सगळं एकत्र करतात. महापालिकेची हद्द बेलापूर ते दिघा. त्यातही दिघा आणि ऐरोलीच्या बाजूला काही भागात एमआयडीसीचं पाणी येतं. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे. उलवे, द्रोणागिरी सिडकोकडे, आणि सिडकोचा मोठा भरवसा पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणावर. म्हणून 'मोरबे भरलं' ही बातमी वाचून खारघरच्या ताईंनी मला 'मग आमच्याकडे का नाही?' असं विचारलं, तर त्याचं उत्तर नकाशात आहे.

नवी मुंबईकडून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करणारे प्रत्येकी २० दशलक्ष लिटरचे प्रकल्प आहेत, ते पाणी कारखान्यांसाठी आहे. कारखान्याचं कूलिंग टॉवर धरणाच्या पाण्यावर चालवायचं काही कारण नाही.

३. माझ्या नळाला यातलं कुठलं पाणी येतं, हे कसं कळणार?

वॉर्डाच्या पाणी खात्यात विचारलं तर सांगतात. पण त्याहून सोपी खूण म्हणजे शटडाऊनची बातमी. एमआयडीसीचा शटडाऊन बहुतेक वेळा गुरुवारी रात्री १२ ते शुक्रवारी रात्री १२ असा असतो, जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रातल्या दुरुस्तीसाठी. त्यात दिवा, कळवा, मुंब्र्याचा बराच भाग, रूपादेवी पाडा, किसननगर क्रमांक २, मानपाडा, कोलशेत अशी नावं येतात. स्टेमचा असला तर बातमीत बुधवारी सकाळी ९ ते गुरुवारी सकाळी ९ दिसेल आणि घोडबंदर रोड, गांधीनगर, समतानगर, सिद्धेश्वर, जॉन्सन अशी नावं असतील. कोपरी आणि मुलुंडला लागून असलेल्या काही भागाला मुंबईचं पाणी आहे, त्यामुळे मुंबईने कपात लावली की तिथेही लागते.

दोन-तीन शटडाऊन लक्ष ठेवा. कुठल्या दिवशी तुमचा नळ कोरडा पडला ते कॅलेंडरवर लिहा. आमच्याकडे हे काम वॉचमनकाकांनी केलं, पंपाच्या खोलीतल्या दिनदर्शिकेवर, आणि ती पानं मी अजून जपून ठेवली आहेत. तक्रार करायला गेलं की तोंडी सांगण्यापेक्षा ती पानं जास्त बोलतात.

४. एवढा पाऊस कोसळतोय, तरी पाणी कमी? हा काय प्रकार आहे?

हा प्रश्न दरवर्षी जुलैमध्ये, आणि बहुतेक वेळा रागाने येतो. कारणं दोन. एक, पाऊस ठाण्यात पडून उपयोग नाही, तो धरणाच्या पाणलोटात पडायला हवा. जूनमधला पाऊस कोरडी जमीन पिऊन टाकते, धरणात पाणी वाहून यायला वेळ लागतो. दुसरं कारण उलट आहे. नदीला पूर आला की पाण्यातली माती एकदम वाढते, वर फांद्या, गवत, प्लास्टिक पंपाच्या जाळीत अडकतं. गाळण्या वारंवार धुवाव्या लागतात, म्हणून केंद्र तेवढं कमी पाणी सोडतं. नदी दुथडी भरून वाहत असताना नळ बारीक येतो, तो यामुळे.

कधी कधी केंद्रातच पाणी शिरतं. १८ जुलै २०२१ ला मुंबईत भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात पुराचं पाणी गेलं आणि मोठ्या भागाचा पुरवठा थांबला, पाणी उकळून प्या असं सांगावं लागलं.

५. '१० टक्के कपात' म्हणजे आमच्या घरी १० टक्के कमी येणार ना?

कागदावर तसं. २०२४ मध्ये मुंबई महापालिकेने ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात केली, ती मुंबईकडून पाणी घेणाऱ्या ठाणे आणि भिवंडीलाही लागू होती. पण कपात सगळ्यांना सारखी बसत नाही. मुख्य जलवाहिनीजवळच्या आणि सखल भागातल्या इमारतीला ती जाणवतही नाही. वाहिनीच्या टोकाला, चढावर असलेल्यांना निम्मंच पाणी मिळतं, कारण दाब आधीच्यांनी खाल्लेला असतो. चावीवाल्यावर ओरडून यात फार काही होत नाही. त्याच्या हातात वेळ असते, दाब नसतो. टोकाच्या इमारतींनी एकत्र अर्ज करून वेळ बदलून मागितली तर फरक पडतो, हा माझा अनुभव आहे. आम्हाला पहाटे साडेचारची वेळ मिळाली. झोप गेली, पण टाकी भरू लागली.

६. शटडाऊननंतर आलेलं पाणी लगेच भरावं का?

नाही. वाहिनी रिकामी झाली की तिच्यातला दाब जातो. जिथे बारीकशी गळती असते तिथून आधी पाणी बाहेर जात होतं, आता बाहेरचं आत यायला लागतं. वाहिनी गटाराशेजारून गेली असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. शिवाय पाणी जोरात परत आलं की पाइपच्या आत चिकटलेला गंज आणि गाळ सुटतो.

म्हणून पहिलं पाणी सोडून द्या, स्वच्छ काचेच्या ग्लासात बघत राहा, पाणी नितळ दिसलं की भरा. सोसायटीत तळटाकीच्या तोंडाशी हे काम एका माणसाने करायचं. चाळीस घरांनी आपापले नळ सोडायचे नाहीत, नाहीतर वाया जाणाऱ्या पाण्यातच सगळं पाणी संपेल. सोडलेलं पाणी बादलीत धरा, जिना धुवायला, संडासात टाकायला चालतं. त्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस पिण्याचं पाणी उकळा. कसं, ते प्रश्न १० मध्ये.

७. पाणी दुधासारखं पांढरं येतं. ब्लिचिंग पावडर जास्त झाली का?

बहुधा हवा आहे. ग्लास भरून ओट्यावर ठेवा. खालून वर असं हळूहळू नितळ होत गेलं तर ते हवेचे बुडबुडे, पाणी चांगलं आहे. वरून खाली गाळ बसत गेला तर ती माती. पिवळसर-तांबूस आणि फक्त सकाळच्या पहिल्या पाण्यात येत असेल तर तुमच्याच इमारतीचा जुना लोखंडी पाइप गंजला आहे, महापालिकेला फोन करू नका, प्लंबरला करा. काळपट आणि घाण वास येणारं असेल तर थांबा, ते पिऊ नका, भांडीही घासू नका. ते सांडपाणी मिसळल्याचं लक्षण आहे, त्याच दिवशी लेखी तक्रार करा.

८. क्लोरीनचा वास येतो, ते पाणी शरीराला वाईट का?

वास येतो ही चांगली खूण आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५००, नळाच्या टोकाला दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेलं हवं. तेच वाटेत शिरलेल्या जंतूंचा समाचार घेतं. पावसाळ्यात मात्रा मुद्दाम वाढवतात. वास नको असेल तर पाणी उघड्या पातेल्यात तासभर ठेवा, वास उडतो. मला काळजी वाटते ती कधीच वास न येणाऱ्या पाण्याची.

९. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, घरच्या घरी तपासता येतं का?

तीन गोष्टी येतात.

पहिली, क्लोरीन. ओटी टेस्टची छोटी बाटली मिळते. नळाच्या ताज्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो सोबतच्या पट्टीशी जुळवायचा. रंग आलाच नाही तर क्लोरीन शून्य. ही चाचणी दोन ठिकाणी करा, महापालिकेचं पाणी टाकीत पडतं तिथे आणि स्वयंपाकघराच्या नळाला. आमच्याकडे पहिल्या ठिकाणी हळदीसारखा छान पिवळा आला आणि चौथ्या मजल्यावर काहीच नाही. म्हणजे महापालिकेचं पाणी ठीक होतं, बिघाड आमच्या टाकीत होता. त्याचं काय झालं ते प्रश्न १२ मध्ये.

दुसरी, एचटूएस बाटली. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावून ठेवायचं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू आहेत. काळं पडलं नाही म्हणून शंभर टक्के निर्धास्त होऊ नका, पण काळं पडलं तर वाद घालू नका.

तिसरी, प्रयोगशाळा. काही बिनसलं असेल तर हाच खरा पुरावा. मानक सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात नको. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. बिसलेरीची धुतलेली बाटली चालत नाही, कारण प्रयोगशाळेच्या बाटलीत क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं. ते नसेल तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

टीडीएसचा पेनसारखा मीटर या तिन्हींत नाही, हे लक्षात घ्या. तो क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत.

१०. पाणी किती वेळ उकळायचं? तुरटी फिरवली तर उकळायची गरज नाही ना?

मोठे बुडबुडे येऊन पाणी खळखळलं की त्यानंतर एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळून फक्त गॅस जळतो. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, चौपदरी सुती कापडातून गाळा, मग उकळा. त्याच भांड्यात झाकून गार करा. माठात ओतणार असाल तर माठ आधी धुतलेला हवा, आणि पाणी काढायला दांड्याचं ओगराळं घ्या. हात बुडवून तांब्या भरला की सगळी मेहनत पाण्यात.

तुरटीने माती खाली बसते, बस्स. जंतूंना मारण्याचं काम ती करत नाही. आजीच्या काळी तुरटी फिरवून तेच पाणी प्यायचे हे खरं, पण कॉलराच्या साथीही आजीच्याच काळातल्या.

उकळणं जमत नसेल तर क्लोरीनचे थेंब घ्या, बाटलीवर लिहिलेल्या मापाने, आणि किमान अर्धा तास थांबा.

११. आरओ लावावा का?

नळाचं पाणी असेल तर माझ्या मते गरज नाही. आपलं पाणी पावसाचं, सह्याद्रीच्या कातळावरून आलेलं, त्यात क्षार मुळातच कमी. माझ्या स्वयंपाकघरातला टीडीएस नव्वदच्या आसपास असतो. मानकाची मर्यादा ५०० आहे. आरओचं मुख्य काम क्षार काढणं, आणि ते करताना एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरायला मनाई करावी असं केंद्राला सांगितलं होतं. गाळणी आणि यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं, यंत्र अशा पाण्याला पुरतं. विक्रेता घरी येऊन दोन ग्लासांत वीज सोडून दाखवतो, एका ग्लासात काळपट गाळ तयार होतो आणि आपण घाबरतो. तो गाळ त्याच्या सळईच्या लोखंडाचा असतो. पाण्यातले क्षार वीज वाहून नेतात म्हणून ती विरघळते, पाण्यातली घाण म्हणून नव्हे.

बोअरचं किंवा टँकरचं खारट पाणी असेल तर गोष्ट वेगळी, प्रश्न १३ आणि १८ पाहा. आरओ आधीच घरात असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी नळीने बादलीत धरा. फरशी पुसायला ते उत्तम.

१२. सोसायटीची टाकी किती दिवसांनी धुवावी? नक्की कशी?

वर्षातून दोनदा तरी, त्यातली एक वेळ पावसाळ्यानंतर. पण तारखेपेक्षा झाकण महत्त्वाचं. प्रश्न ९ मधल्या आमच्या टाकीचं झाकण कडेने तुटलेलं होतं. उघडून पाहिलं तर कबुतराची पिसं, खाली बोटभर गाळ, आणि त्या गाळात वळवळणाऱ्या लालभडक बारीक अळ्या. दोन महिने सगळे महापालिकेच्या नावाने बोटं मोडत होतो. झाकण बदललं, हवा येण्याच्या नळीला जाळी बसवली, त्यानंतर तो त्रास झाला नाही. टाकी आटवायच्या आधीच्या दिवशी सूचना लावा म्हणजे ते पाणी लोक वापरून संपवतात.

भिंती घासायच्या ब्रशने, साबण वापरू नका. मग टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन ते पूर्ण बाहेर काढा. रोजच्या शुद्धीकरणासाठी १,००० लिटरला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम टीसीएल लागते. आधी बादलीत कालवून निवळू द्यायची, वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि तासभर पंप बंद ठेवायचा. पोतं उघडं राहिलं की पावडरचा जोर जातो, मागच्या वर्षीची उरलेली पावडर म्हणजे नुसता चुना.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: तळटाकीत माणूस एकटा उतरवायचा नाही. बंद टाकीत हवा कोंदलेली असते, त्यात जीव गेल्याच्या घटना होतात. झाकणं बराच वेळ आधी उघडी ठेवा, कमरेला दोर बांधा, वर एक माणूस उभा हवाच.

१३. टँकरचं पाणी प्यायला चालतं का?

टँकर कुठे भरला यावर आहे, आणि ते सांगायला चालक सहसा उत्सुक नसतो. पावतीवर भरण्याचं ठिकाण लिहून मागा. रिकामा करण्याआधी ओटी टेस्ट करा, जिभेवर थेंब ठेवून खारट आहे का बघा. क्लोरीन नसेल तर टीसीएल घालून तासभर थांबल्याशिवाय ते वर चढवू नका. शक्य असेल तर टँकरचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या, संडास-धुण्यासाठी. एकाच टाकीत मिसळलं तर सगळंच टँकरचं झालं असं समजून उकळा.

१४. पाणी कमी येतं म्हणून नळाच्या लाइनलाच मोटर लावली तर?

लावू नका. बेकायदा आहे, मोटर जप्त होते. शेजाऱ्याचं पाणी आपण ओढतो हे एक, आणि मोटर वाहिनीत पोकळी निर्माण करते हे दुसरं. म्हणजे प्रश्न ६ मध्ये शटडाऊनने जे होतं तेच तुम्ही रोज सकाळी स्वतः करता. पाणी आधी तळटाकीत पडू द्या, तिथून मोटरने वर घ्या.

१५. आमच्या इमारतीत तिघांना कावीळ झाली. पाण्यामुळेच असेल का? आता काय करायचं?

असू शकतं, पण आजचं पाणी तपासून उत्तर मिळेलच असं नाही. हिपॅटायटिस ए ची लक्षणं दिसायला साधारण दोन ते सात आठवडे लागतात, ई ला दोन ते दहा. म्हणजे दोष महिन्याभरापूर्वीच्या पाण्यात असेल. मागे कधी शटडाऊन झाला, कधी रस्ता खणला, कधी पाण्याला वास आला, हे आठवून लिहा. तिघं एकाच गाडीवर पाणीपुरी खात होते का, हेही विचारा.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रात कळवा, ते नमुने घेतात. तोवर इमारतीतल्या सगळ्यांनी पाणी उकळून प्यावं, फिल्टर असला तरी. घरात कुणी गरोदर असेल तर वाट पाहू नका. हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकतो. साधी थकवा-मळमळ असली तरी डॉक्टरांना दाखवा.

१६. मेंटेनन्स थकवणाऱ्याचं पाणी सोसायटी तोडू शकते का? आणि घरमालक भाडेकरूचं?

नाही, दोन्हीही नाही. कमिटीच्या सभेत हा ठराव दर दोन वर्षांनी कुणीतरी मांडतंच. थकबाकी वसूल करायला सहकार कायद्यात कलम १५४ब-२९ आहे, निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो, त्या वाटेने जा. घरमालकाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २९ आवश्यक सुविधा तोडायला मनाई करतं.

इमारत अनधिकृत असेल तर पाणी मागण्याचा हक्कच नाही, असंही समजू नका. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की झोपडी बेकायदा आहे एवढ्याच कारणाने तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. पाणी मिळाल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही, हेही तितकंच खरं.

१७. पाणी वाचवायची सुरुवात कुठून करू? ब्रश करताना नळ बंद ठेवतोच.

मग गळती शोधा. घरातला सगळ्यात मोठा चोर बहुतेक वेळा फ्लशची टाकी असते, कारण तिचा आवाज येत नाही. रात्री झोपताना टाकीत चमचाभर हळद कालवून टाका, फ्लश करू नका. वीस मिनिटांनी भांड्यात पिवळं दिसलं तर आतलं रबर गेलं आहे. रबराला वडापाव-चहाएवढे पैसे पडतात.

नळाचं म्हणाल तर मी एकदा मोजलं. बाल्कनीतला नळ 'थोडासाच' ठिबकत होता. खाली लिटरचा तांब्या ठेवला, चाळीस मिनिटांत भरला. म्हणजे दिवसाला ३६ लिटर. शहरी माणसाला रोज १३५ लिटर असा हिशेब योजना करताना धरतात, त्यातला चौथा हिस्सा एका वॉशरपायी. त्यानंतर आम्ही दर रविवारी दोन मजले असं करून सगळी इमारत तपासली. पंप चालण्याचा वेळ दिवसाला पाऊण तासाने कमी झाला.

१८. पावसाचं पाणी साठवणं सक्तीचं आहे का? आणि त्यातून मिळतं तरी किती?

५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम असेल तर राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे सक्तीचं आहे. आपल्या भागात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस. १०० चौरस मीटर गच्ची धरली आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं तरी दोन लाख लिटर. पण ते चार महिन्यांतच येतं, म्हणून सगळं साठवता येत नाही. व्यवहार्य म्हणजे एक टाकी आणि उरलेलं बोअरच्या किंवा विहिरीच्या पुनर्भरणाला. हंगामातला पहिला पाऊस सोडून द्यायचा, त्यात गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते.

इथे एक अपवाद फार लोक विसरतात. वाशी, सानपाडा, नेरूळच्या खाडीकडच्या भागात भराव घालून तयार केलेली जमीन आहे, पावसाळ्यात भूजल जवळपास पायाशी असतं. तिथे शोषखड्डा खणला तर तो आधीच भरलेला असतो, पाणी मुरणार कुठे? अशा ठिकाणी खड्ड्यावर पैसे घालू नका, टाकीच करा. उलट येऊरच्या पायथ्याला, पोखरण रस्त्याच्या बाजूला पुनर्भरण चांगलं होतं.

खाडीजवळचं बोअरचं पाणी खारट होतं, उपसा जास्त केला की आणखी खारट. ते पिऊ नका. डोंगराकडचं गोड लागलं तरी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पिऊ नका, जुन्या ड्रेनेजची वाहिनी शेजारून जात असेल तर चवीने कळत नाही.

१९. कपातीच्या दिवसांत पिंपं भरून ठेवतो. डेंग्यूचा इन्स्पेक्टर येऊन ओतून द्यायला सांगतो. काय करायचं?

दोघांचंही बरोबर आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडाभरात डास तयार होतो. म्हणून पिंपाला घट्ट झाकण किंवा सुती कापड दोरीने बांधून ठेवायचं, आणि आठवड्यातून एक दिवस पिंप पूर्ण रिकामं करून आतून घासायचं. नुसतं ओतून पुन्हा भरलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

२०. ठाण्यासाठी नवं धरण होणार होतं, त्याचं काय?

शाई आणि काळू ही दोन नावं तीस वर्षांच्या ठाणेकराने तरी लहानपणापासून ऐकली असतील. मुरबाडच्या काळू धरणाचं काम उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये थांबवलं होतं. जंगल आणि आदिवासी गावं बुडतात, म्हणून विरोध आहे, आणि तो हट्ट म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. धरण आज ठरलं तरी पाणी नळात यायला कित्येक वर्षं लागतात. तोवर प्रश्न १७ मधली हळद.

२१. दोन महिने गावी होतो, फ्लॅट बंद होता. आल्यावर नळाचं पाणी प्यायला चालेल का?

पहिल्या दिवशी नको. पाइपमध्ये पाणी साचून क्लोरीन केव्हाच उडालेलं असतं, फिल्टरच्या टाकीतलं तर त्याहून वाईट. प्रत्येक नळ पाच मिनिटं सोडा, पाणी बादल्यांत धरून फरशी धुवून काढा, घर तसंही धुळीने भरलेलं असतं. गिझरमधलं सगळं पाणी काढून टाका. फिल्टरचं पहिलं भरलेलं पाणी दोनदा ओता, काडतूस वर्षाचं झालं असेल तर बदलाच. नळाच्या तोंडाची जाळी काढून उलटी आपटा, तिच्यात काय काय अडकलेलं असतं ते एकदा बघाच. आणि कोकणातून आलेले असाल तर त्या दिवसापुरती विहिरीच्या पाण्याची कळशी गाडीतून घेऊन या. आमच्याकडे सासूबाई अजून तेच करतात.